कधी चालू, कधी बंद: दुचाकीतला लपलेला इलेक्ट्रिक फॉल्ट शोधायचा कसा आणि त्याचे पैसे घ्यायचे कसे?



दुचाकी रिपेअरिंगचं गॅरेज टाकायचा विचार करताय, किंवा नुकतंच टाकलंय, तर आजचा विषय खास तुमच्यासाठी आहे. ऑइल बदलणं, ब्रेक शू टाकणं, चेन टाइट करणं ही कामं गल्लीतलं प्रत्येक गॅरेज करतं. त्यात स्पर्धा फक्त भाव पाडण्याची. पण एक काम असं आहे की ते दारात आलं की भले भले मेकॅनिक डोकं खाजवायला लागतात.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, गाडी मधूनच बंद पडते. थोडं थांबलं की परत चालू होते. कालपासून एकदम ठीक आहे, पण भरवसा वाटत नाही." तुम्ही किक मारता, गाडी पहिल्या फटक्यात चालू. लाइट लागतोय, हॉर्न वाजतोय, सेल्फ पण लागतोय. आता करायचं काय?

इथे तुमच्यासमोर दोन रस्ते असतात. पहिला रस्ता अंदाजाचा. बॅटरी बदला. चार दिवसांनी गाडी परत आली की सीडीआय बदला. मग प्लग, मग कॉइल. गिऱ्हाइकाचे दोन-तीन हजार गेले आणि फॉल्ट तसाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्यानंतर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि दहा जणांना सांगतं ते वेगळंच.

दुसरा रस्ता पद्धतीचा. त्याचं सूत्र एका ओळीत लिहून भिंतीवर लावा: आधी फॉल्ट घडवून आणायचा, मग तो मोजायचा, आणि मगच पार्टला हात लावायचा. आज आपण हेच टप्प्याटप्प्याने समजून घेऊ. शेवटी या कामाचे पैसे कसे लावायचे तेही बघू, कारण धंदा करायचाय, समाजसेवा नाही.

असा फॉल्ट येतो कुठून?

पूर्ण तुटलेली वायर शोधणं सोपं असतं. करंट येतच नाही, त्यामुळे टेस्ट लॅम्प लावला की कळतं. त्रास देते ती अर्धवट जोडलेली वायर. आतल्या दहा तारांपैकी आठ तुटल्यात आणि दोनवर गाडी चाललीय. किंवा कपलरच्या पिनवर हिरवट गंज चढलाय. किंवा बॅटरीच्या टर्मिनलचा बोल्ट हाताने फिरेल इतका ढिला आहे.

अशा अर्धवट जोडाला चार गोष्टी छळतात:

- हादरे. खड्डा आला की जोड सुटतो, पुढे गेलं की परत टेकतो.
- पाणी. पावसात किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने कपलरमध्ये, स्विचमध्ये, प्लग कॅपमध्ये पाणी शिरतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने अशा तक्रारी येतच राहतात.
- उष्णता. काही कॉइल थंड असताना ठीक चालतात. तापल्या की आतली बारीक तार फाकते आणि सर्किट तुटतं. थंड झाल्या की परत जुळते.
- वळणं. हँडल डावी-उजवीकडे फिरतं तेव्हा हेडलाइटच्या मागून फ्रेमकडे जाणारी वायरिंग दरवेळी वाकते. पाच-सात वर्षांत हजारो वेळा वाकल्यावर वरचं प्लास्टिक चांगलं दिसतं, पण आतली तांब्याची तार तुटलेली असते.

म्हणजे फॉल्ट "आपोआप" येत-जात नाही. हादरा, पाणी, उष्णता किंवा वळण यातलं काहीतरी त्याला आणतं. ते कारण तुम्ही गॅरेजमध्ये तयार करू शकलात, तर निम्मं काम झालं.

पहिलं काम: पान्याला हात लावायच्या आधी प्रश्न विचारा

जॉब कार्डावर पाच प्रश्न छापून घ्या. वही असेल तर वहीत लिहा, पण विचाराच.

१. बंद पडते तेव्हा सगळं जातं की फक्त इंजिन बंद होतं? हा सगळ्यात मोठा प्रश्न. चावी चालू असताना हॉर्न, इंडिकेटर, न्यूट्रलचा दिवा सगळंच गेलं, तर फॉल्ट मेन सप्लायमध्ये आहे: बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्युज, चावीचं लॉक किंवा मेन अर्थ. हे सगळं चालू राहून फक्त इंजिन बंद होत असेल, तर इग्निशनकडे बघा: किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, पल्सर कॉइल, सीडीआय, इग्निशन कॉइल, प्लग कॅप. एक काळजी घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटोवर चालतो. इंजिन बंद झालं की तो जाणारच. म्हणून हेडलाइटवरून निष्कर्ष काढू नका, हॉर्न आणि न्यूट्रलच्या दिव्यावरून काढा.

२. कधी होतं? पावसात, गाडी धुतल्यावर, खड्ड्यात, हँडल वळवताना, ब्रेक दाबल्यावर, की वीस मिनिटं चालवल्यावर?

३. बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते? लगेच होत असेल तर ढिला जोड. दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर तापण्याशी संबंध असू शकतो.

४. झटकन बंद होते की गचके खात बंद होते? स्विच बंद केल्यासारखी झटकन बंद होत असेल तर बहुतेक वेळा इलेक्ट्रिक. दम लागल्यासारखी, गचके खात बंद होत असेल तर आधी पेट्रोल तपासा. टाकीच्या झाकणाचं हवेचं बारीक छिद्र बुजलं तरी गाडी काही किलोमीटरवर बंद पडते आणि थोडं थांबलं की चालू होते. अशी गाडी बंद पडली की झाकण उघडून बघायला सांगा. आत हवा शिरल्याचा "फुस्स" आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर वायरिंग उसवायची गरजच नाही.

५. अलीकडे काही बसवलंय का? मोठा हॉर्न, एलईडी फॉग लाइट, सेंट्रल लॉक, जीपीएस, मोबाइल चार्जर. वायर सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून केलेला जोड असेल तर पहिला संशय तिथेच.

पाच मिनिटांच्या गप्पा होतात, पण शोधायची जागा अर्ध्याहून कमी होते.

लागणारं सामान

फार मोठी गुंतवणूक नाही. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर चालतो. स्टॉप लाइटचा २१ वॅटचा १२ व्होल्ट बल्ब घेऊन त्याला दोन वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप लावल्या की घरचा टेस्ट लॅम्प तयार. सोबत काँटॅक्ट क्लीनर, छोटा वायर ब्रश, चांगलं क्रिंपिंग प्लायर, हीट श्रिंक स्लीव्ह, पाण्याची स्प्रे बाटली आणि केस वाळवायचा हेअर ड्रायर.

हा टेस्ट लॅम्प लाइट, हॉर्न, फ्युज, मेन सप्लाय यांच्यावरच वापरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूच्या किंवा सेन्सरच्या वायरीला लावू नका. बल्ब जवळजवळ पावणेदोन अँपिअर करंट ओढतो, ईसीयू जळू शकतो. तिथे फक्त मल्टिमीटर.

टप्पा १: आधी बघा, हलवू नका

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच टप्प्यावर. मेकॅनिक गाडी घेतो, सगळे कपलर काढून पुसून परत लावतो आणि गाडी चालू होते. सगळे खूश. पण फॉल्ट सापडला का? नाही. कपलर काढून लावताना पिन थोड्या घासल्या गेल्या आणि फॉल्ट तात्पुरता झोपला. आता तो कुठे होता हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पुढच्या पावसात गाडी परत दारात.

म्हणून आधी फक्त डोळ्यांनी बघा. टॉर्च घ्या. पांढरी पावडर चढलेलं टर्मिनल, वितळलेला किंवा काळा पडलेला कपलर, तपकिरी झालेला फ्युज होल्डर, फ्रेमवर घासून सोललेली वायर, उंदराने कुरतडलेली वायरिंग. दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. हाच फोटो नंतर गिऱ्हाइकाला दाखवायला उपयोगी पडतो.

फ्युजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावलेली दिसली, तर ती काढून योग्य अँपिअरचा फ्युज लावा. फ्युज परत परत उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्युज लावायचा नाही. फ्युज उडाला नाही तर वायरिंग जळेल.

टप्पा २: बॅटरीची तीन रीडिंग

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. तीन वेळा मोजा.

- गाडी बंद, काही तास उभी: पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढची टेस्ट.
- सेल्फ मारताना: बॅटरीवर साधारण १० व्होल्टच्या आसपास किंवा वर राहायला हवं. ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय.
- इंजिन चालू, रेस वाढवून: बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. रेस वाढवूनही १२.५ च्या वर जात नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय किंवा त्याची अर्थ खराब आहे. ही गाडी बल्ब आणि बॅटरी दोन्ही खाणार.

एक इशारा. इंजिन चालू असताना "चार्जिंग बघू" म्हणून बॅटरीची वायर काढायची सवय जुन्या काही मेकॅनिकना असते. तसं करू नका. व्होल्टेजचा झटका बसतो आणि सीडीआय किंवा ईसीयू जाऊ शकतो.

रात्रभर उभी राहून सकाळी बॅटरी उतरत असेल तर लिकेज मोजा. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्या दोघांच्या मध्ये जोडा. समजा ५० मिलीअँपिअर दाखवलं. बॅटरी ४ अँपिअर-अवरची असेल तर हिशोब सोपा आहे: ४ भागिले ०.०५ म्हणजे ८० तास. साडेतीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी रिकामी. बाहेरून बसवलेलं लॉक किंवा जीपीएस एकेक करून काढा आणि आकडा कधी पडतो ते बघा. मल्टिमीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मल्टिमीटरचा फ्युज उडेल.

टप्पा ३: फॉल्ट घडवून आणा

गाडी मोकळ्या हवेत उभी करा, इंजिन चालू ठेवा. बंद शटरमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर जिवावर बेतू शकतो. आता एका वेळी एकच गोष्ट करा:

1. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवा. दोन्ही टोकांना थोडं थांबा.
2. चावी लॉकमध्येच हलकी हलवा.
3. किल स्विच आणि साइड स्टँडचा स्विच बोटाने हलवा.
4. फ्युज होल्डर, बॅटरीच्या दोन्ही वायरी, सीटखालचे आणि टाकीखालचे कपलर एकेक करून हलवा.
5. काही झालं नाही तर लाइट, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न एकदम लावा. लोड वाढला की कमकुवत जोड उघडा पडतो.
6. पावसातली तक्रार असेल तर स्प्रे बाटलीने पाणी मारा. आधी फक्त प्लग कॅपवर, मग कॉइलवर, मग स्विचवर. सगळीकडे एकदम ओतलं तर काही कळणार नाही. अंधारात प्लग कॅपजवळ ठिणग्या उडताना दिसल्या तर तिथून करंट गळतोय.
7. तापल्यावरची तक्रार असेल तर सीडीआय किंवा इग्निशन कॉइलवर हेअर ड्रायर धरा. पेट्रोल गळत नाही याची आधी खात्री करा.

इंजिनाचा आवाज बदलला, दिवा मिणमिणला, तर तिथेच थांबा. परत तीच हालचाल करा. तीन वेळा केल्यावर तीनही वेळा झालं, म्हणजे जागा सापडली. एकदाच झालं तर तो योगायोगही असू शकतो.

तापून बंद पडणारी गाडी असेल तर प्लग हाताशी ठेवा. बंद पडताक्षणी, थंड व्हायच्या आत, स्पार्क बघा. प्लग इंजिनाच्या धातूला नीट टेकवून आणि प्लगच्या भोकापासून लांब धरून बघायचा. स्पार्क नसेल तर लगेच पल्सर कॉइलचा रेझिस्टन्स मोजा आणि थंड असतानाच्या आकड्याशी ताडून बघा. थंड असताना बरोबर आणि गरम असताना सर्किट तुटलेलं दाखवत असेल, तर कॉइल गेली. आता पार्ट बदला, छातीठोकपणे.

टप्पा ४: व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे फॉल्ट आकड्यात पकडणं

हा टप्पा ज्याला जमला तो अंदाजावर कधीच जगणार नाही. नीट समजून घ्या.

बरेच जण वायर तपासायला मल्टिमीटर बझरवर ठेवतात. "बीप" वाजलं की वायर ओके. पण बझर अगदी किरकोळ करंट सोडतो. दहापैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच. नळाचं उदाहरण घ्या. पाइपमध्ये कचरा अडकलाय, पण नळ बंद असताना पाइपमधलं प्रेशर पूर्ण दिसतं. नळ सोडला की धार करंगळीएवढी. वायरचंही तसंच. तिची खरी परीक्षा करंट वाहत असताना होते.

समजा हेडलाइट ३५ वॅटचा आहे. १२ व्होल्टवर त्याचा रेझिस्टन्स साधारण ४.१ ओहम होतो. वाटेत एखाद्या गंजलेल्या कपलरमध्ये फक्त १ ओहम रेझिस्टन्स आला, तर करंट सुमारे २.३५ अँपिअरवर येतो आणि बल्बला १२ ऐवजी साधारण ९.६ व्होल्टच मिळतात. उरलेले सव्वादोन-अडीच व्होल्ट त्या कपलरमध्ये उष्णता होऊन जातात. म्हणूनच तो कपलर काळा पडतो. बझरवर हा १ ओहम कधीच कळला नसता.

आता मोजायचं कसं ते बघा. ज्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर चालतो ती घ्या. हेडलाइट चालू ठेवा. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी पिन बल्बच्या पॉझिटिव्ह पॉइंटवर. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग अर्थची बाजू मोजा: लाल पिन बल्बच्या अर्थ पॉइंटवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. एखाद्या चांगल्या जोडावर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नसावा. पूर्ण वाटेत अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर शोध घ्या.

शोधही अर्ध्या-अर्ध्यात घ्यायचा. काळी पिन वाटेच्या मध्यावर, म्हणजे चावीच्या लॉकवर आणा. ड्रॉप लॉकच्या आधी आहे की नंतर? नंतर असेल तर उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. तीन-चार मापांत नेमका कपलर हातात येतो. पूर्ण वायरिंग उसवायची गरज पडत नाही.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा १२५ सीसी गाडी आली. तक्रार अशी की सेल्फ कधी लागतो, कधी नुसतं "टक" वाजतं. एका मेकॅनिकने बॅटरी बदलून दिली, फरक नाही. दुसरा म्हणतो सेल्फची मोटर बदला.

तुम्ही मोजता. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट. "टक" वाजत असताना सेल्फचं बटण दाबून धरलं, तर बॅटरीवर ११.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी आरामात आहे, तिच्यावर म्हणावा तसा लोडच येत नाहीये. मोटरवर मोजलं तर फक्त ७ व्होल्ट. मग ४.४ व्होल्ट गेले कुठे?

पॉझिटिव्ह बाजू: बॅटरीपासून रिलेमार्गे मोटरपर्यंत ड्रॉप ०.३. ठीक आहे. निगेटिव्ह बाजू: मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ड्रॉप ४.१. चोर सापडला! निगेटिव्हची जाड वायर जिथे इंजिनाला किंवा चेसिसला बोल्टने आवळलेली असते, तिथे उघडून बघता तर थिंबलखाली रंग आणि गंज. ब्रशने घासून चकचकीत केलं, बोल्ट नीट आवळला. आता ड्रॉप ०.१ आणि सेल्फ दहापैकी दहा वेळा लागतो.

पार्ट किती रुपयांचा लागला? शून्य. आणि दुसरा मेकॅनिक मोटर बदलायला निघाला होता.

नव्या गाड्यांबद्दल दोन गोष्टी

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालूच राहील अशी व्यवस्था सक्तीची झाली. म्हणजे चार्जिंगवरचा तो लोड दिवसभर असतो. त्यात गिऱ्हाइकाने २० वॅटचे दोन फॉग लाइट लावले तर आणखी तीन-सव्वातीन अँपिअर वाढले. असं काम करून द्यायचं असेल तर वेगळा फ्युज आणि रिले टाका, मूळ वायरिंगला पीळ मारू नका.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि साध्या कम्यूटर गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन पोहोचलं. या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनरवर कोड मिळतो. पण लक्षात ठेवा, कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. त्याचा कपलर, वायर आणि अर्थ तपासल्याशिवाय महागडा सेन्सर मागवू नका.

दुरुस्ती पक्की करा, आणि सिद्ध करून दाखवा

वायर पिळून त्यावर काळी टेप, हा जोड पुढच्या पावसाळ्याचा फॉल्ट असतो. तुटलेला भाग कापा, त्याच जाडीची वायर घ्या, नीट क्रिंप किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह घाला. कपलरची पिन ढिली असेल तर हलकी दाबून घट्ट करा किंवा बदला. बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. हँडलजवळ वायरला थोडी ढील ठेवा, ताणून बांधू नका. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी लावायची.

आणि शेवटची टेस्ट महत्त्वाची. ज्या हालचालीने, पाण्याने किंवा उष्णतेने फॉल्ट आला होता, तेच परत करा. आता आला नाही, तरच गाडी बरी झाली. "चालू झाली" आणि "बरी झाली" यात फरक आहे.

आता पैशाचं बोलू

नवीन गॅरेजवाल्यांचा घोळ इथेच होतो. तास दीड तास शोधाशोध केली, बोल्ट घासला, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पार्ट तर काही टाकला नाही, पन्नास रुपये घ्या." मग मेकॅनिकला वाटतं, त्यापेक्षा बॅटरी विकलेली बरी. हिशोब मांडून बघा. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

समजा अंदाजाने १,२०० रुपयांची बॅटरी विकली, त्यात १५० सुटले. आठ दिवसांनी गाडी परत आली. दोन तास फुकट गेले, गिऱ्हाईक बॅटरी परत घ्या म्हणून भांडलं. १५० गेलेच, वर नाव गेलं. दुसरीकडे, तपासणीचे ३०० आणि दुरुस्तीचे २०० आधीच ठरवून घेतले, तर ५०० रुपये मजुरी सुटली, आणि गिऱ्हाइकाचाही हजार-बाराशेचा फालतू खर्च वाचला. ते गिऱ्हाईक तुमची जाहिरात करणार.

त्यासाठी चार नियम पाळा:

- तपासणीचा चार्ज गाडी घेतानाच सांगा. "दादा, हा फॉल्ट शोधायला वेळ लागतो. शोधायचे ३०० रुपये होतील. सापडल्यावर दुरुस्तीचा खर्च फोन करून सांगतो, तुम्ही हो म्हणालात तरच करतो." डॉक्टरची तपासणी फी आणि औषधाचे पैसे वेगळे असतात, हे सगळ्यांना पटतं.
- आकडे लिहून द्या. जॉब कार्डावर "आधी ४.१, नंतर ०.१" असं लिहा, गंजलेल्या बोल्टचा फोटो दाखवा. मग "काही केलंच नाही" असं कोणी म्हणत नाही.
- सापडला नाही तर तसं सांगा. दोन तास प्रयत्न करूनही फॉल्ट आला नाही, तर पार्ट बदलून वेळ मारून नेऊ नका. "आज फॉल्ट आला नाही. पुढच्या वेळी बंद पडली की हॉर्न वाजतो का बघा, आणि ऊन होतं की पाऊस ते लिहून ठेवा," असं सांगून चिठ्ठी द्या. याचे किती घ्यायचे तेही आधीच ठरवा. अर्धे घेऊन उरलेले पुढच्या वेळी, असंही करता येतं.
- गॅरंटी मर्यादित द्या. केलेल्या जोडाची द्या, पूर्ण वायरिंगची नाही. आणि तेही लिहून.

आणि हे फक्त पैशाचं नाही. हायवेला ट्रकच्या पुढे गाडी अचानक बंद पडणं किंवा घाटात रात्री लाइट जाणं म्हणजे जिवाशी खेळ. गिऱ्हाईक "आता भरवशाने नेऊ का?" असं विचारतं तेव्हा त्याच्या मागच्या सीटवर घरचं कोणीतरी बसणार असतं. "हो" म्हणायच्या आधी ती शेवटची टेस्ट झालेली असली पाहिजे.

या आठवड्याचा गृहपाठ

वाचून विसरू नका. घरच्या किंवा मित्राच्या चांगल्या चालणाऱ्या गाडीवर पाच रीडिंग घ्या आणि वहीत लिहा: उभी असताना बॅटरी, सेल्फ मारताना बॅटरी, रेस वाढवून चार्जिंग, हेडलाइटचा पॉझिटिव्ह ड्रॉप आणि अर्थचा ड्रॉप. अशा दहा गाड्यांचे आकडे जमले की चांगली गाडी कशी दिसते हे तुमच्या बोटांना कळेल. मग आजारी गाडी समोर आली की मल्टिमीटरवरचा आकडा पाहूनच तुम्ही म्हणाल, "इथे काहीतरी गडबड आहे."

कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!